गजेंद्राचा पाय

कीर्तन मध्येच थांबलं म्हणजे ते संपलं असं होत नाही. पूर्वरंग झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला, की पुढचं आख्यान पुरं होऊन आरती होईपर्यंत तो हार गळ्यातून काढायचा नसतो. सांगलीच्या घाटावरच्या आमच्या दत्ताच्या देवळात हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊकच होतं. म्हणून दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीच्या दत्तजयंतीला बोरगावचे चिंतामणबुवा ऐन उत्तररंगात छातीवर हात धरून खाली बसले, तेव्हा आम्हा श्रोत्यांना दोन काळज्या एकदमच लागल्या. एक बुवांची, आणि दुसरी, खरं सांगायला हरकत नाही, हत्तीची.

आख्यान गजेंद्रमोक्षाचं होतं. हत्ती सरोवरात उतरला, मगरीनं त्याचा पाय धरला. बरोबरच्या हत्तिणी, पिल्लं ओढून ओढून दमली आणि एकेक करून रानात निघून गेली. एकट्या उरलेल्या गजेंद्रानं पाण्यातलं एक कमळ तोडलं, सोंड वर केली, आता देवाला हाक मारणार, एवढ्यात बुवाच कोसळले. त्यांना उचलून पुजाऱ्यांच्या ओसरीवर नेलं, डॉक्टर आले, मंडळी पांगली. त्या दिवशी आरती झाली ती देवाची झाली, कीर्तनाची झाली नाही.

बुवा जगले. पण मोटारीनं कसंबसं बोरगावला पोचवल्यावर डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यापुढं बैलगाडी नाही, मोटार नाही, छातीला हादरा म्हणून बसता कामा नये, आणि वरच्या पट्टीत गाणं तर मुळीच नाही. बोरगावात बुवांचं घर नदीकाठीच होतं. तिथं ते खाटेवर पडून राहिले. गळ्यातून काढावाच लागलेला हार गोदावरीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबानं, घरी आल्यावर खुंटीला अडकवला होता. त्याची फुलं वाळून गळाली, नुसता दोरा आणि त्याला चिकटलेल्या चार पाकळ्या राहिल्या. काकूंनी तो टाकला नाही आणि बुवांनी त्याचं नावही काढलं नाही. मात्र जेवताना पाट मांडला की ते खुंटीकडे पाठ करून बसायचे. वर्षभर दुसरं कुठलं निरूपणही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आमच्या देवळात पुष्कळ बुवा येऊन गेले, पण गजेंद्राला कुणी हात लावला नाही. तो तसाच, सोंडेत कमळ वर धरून, पाण्यात उभा होता.

दसऱ्याच्या सुमाराला इलाही बोरगावला गेला. हा सांगलीचा बत्तीवाला. लग्नकार्याला आणि सप्ताहाला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा त्याच्या बापाचा धंदा. हा स्वतः लेथवर काम शिकलेला, आणि लढाईत सरकारनं काही कारागीर विलायतेला शिकायला धाडले त्यांत जाऊन आलेला. बुवा कोसळले त्या दिवशी तो देवळातल्या तुळशीवृंदावनापाशी उभा राहून बत्तीला हवा मारत होता. देवळातलं कीर्तन त्यानं लहानपणापासून तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं, कारण बत्ती लावली की तो पुढच्या घरी जायचा. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकावं म्हणून थांबला होता.

त्यानं प्रकृतीची चौकशी केली, काकूंनी दिलेला चहा घेतला, आणि मग विचारलं, "बुवा, त्या हत्तीचं पुढं काय झालं?"

बुवा म्हणाले, हे गावातल्या कुणालाही विचार, बाया दळतानासुद्धा सांगतील.

"कुणाला इचारायचं आसतं तर सांगलीतच इचारलं आसतं. तुमी सांगत हुता. तुमीच सांगा."

बुवा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "इथं नाही सांगता यायचं, इलाही. जिथं उभा होतो तिथंच उभं राहून सांगावं लागेल."

काकू दाराशी उभ्या होत्या. वर्षभरात नवऱ्याच्या तोंडून सांगलीचं नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्या दोघांनाही उद्देशून म्हणाल्या की उभे राहतील हो, पण न्यायचं कसं? गाडी नको, मोटार नको, रेल्वे नदीपलीकडे आणि स्टेशनापर्यंत पुन्हा गाडीच. त्यांनी अडचण सांगितली होती. इलाहीनं ती काम म्हणून उचलली. त्यानं परसदाराकडे बोट केलं. परसदाराच्या खाली कृष्णा वाहत होती.

विलायतेत तो ज्यांच्या घरी राहायचा त्या म्हाताऱ्या नवराबायकोची एक नाव होती. हातभर रुंद म्हणावी अशी अरुंद, आणि लांब मात्र देवळाच्या मंडपाएवढी. आत चूल, बाकडी, खिडक्यांना पडदे, बाहेरून रंगवलेले गुलाब. रविवारी तिघं मिळून एव्हन नावाच्या नदीवर निघायची. काठानं चालणारी माणसं त्यांना मागं टाकून जायची. पण आत भरून ठेवलेला चहाचा पेला हिंदकळत नसे. हे इलाहीला पक्कं आठवत होतं. पेला हिंदकळत नसेल तर बुवांची छाती कशाला हिंदकळेल?

सांगलीला परतून त्यानं कोंडीबा आंबीची जुनी नाव मागून घेतली. कोंडीबाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नावा हाकलेल्या. इलाहीनं ती पुढंमागं वाढवून लांब केली, वर तट्ट्यांचं छप्पर घातलं, मध्ये खाट बांधली, आणि नदीतल्या खडकांनी तळ फुटू नये म्हणून खालून लोखंडी पत्रे ठोकले. कोंडीबानं एकदा नावेभोवती फिरून बघितलं आणि सांगितलं की जड झालीया, पाणी लय मागंल. इलाही म्हणाला, पाण्याला काय तोटा आहे. दिवाळीच्या भरल्या पात्रातून दोघांनी ती ओढत, ढकलत बोरगावला नेली. निघायचं तेवढ्यात बुवांना ताप आला. ताप उतरून अंगात ताकद येईपर्यंत मार्गशीर्ष उजाडला होता, आणि नदी काठ सोडून मध्यावर आली होती.

तरीही निघाले. काकूंनी वळकटी, औषध, तांदूळ-मीठ आणि खुंटीवरचा तो दोरा, एवढं बरोबर घेतलं आणि नावेत पाय ठेवायच्या आधी एक अट घातली. सांगलीपर्यंत गाणं नाही, निरूपण नाही, नावेतल्या माणसांशी बोलायचं तेही हळू. जो काही आवाज उरलाय तो हत्तीचा आहे. बुवांनी मान हलवली.

ही अट पाळणं किती अवघड जाईल हे बोरगावचं वळण सरल्यावर कळलं. नाव एवढी हळू चालायची की तिच्याआधी बातमी पुढं जायची. एका घाटावर धुणं धुणाऱ्या बाया डोक्यावर बोचकं घेऊन घरी जायच्या, आणि पुढच्या घाटावर त्यांच्या माहेरची माणसं वाट बघत उभी असायची. वाळव्याला लोकांनी टाळ आणले होते. बुवांनी वीस वर्षं ज्यांच्या अंगणात कीर्तनं केली ती माणसं. एक अभंग तरी, बुवा, एवढंच म्हणत होती. काकू छपराखालून बाहेर येऊन सगळ्यांना सांगायच्या की बुवांचं मौन आहे, आणि बुवा आत हात जोडून बसायचे. औदुंबराला तर एक म्हातारी गुडघाभर पाण्यात आली आणि म्हणाली, बोलू नगा म्हाराज, नुसतं बघा माझ्याकडं. बुवांनी तिच्या कपाळी बुक्का लावला. नाव पुढं गेल्यावर त्यांनी काकूंना हळूच विचारलं की बुक्का लावणं अटीत बसतं ना.

एरवी मात्र ते सुखात होते. खाटेवर उशीला टेकून काठावरचा ऊस, मोटा, पाण्यावर वाकलेली बाभळीची झाडं बघत राहायचे. वाळूच्या बेटावर एक मगर ऊन खात पडली होती. तिच्याकडे त्यांनी नाव पार पुढं जाईपर्यंत मान वळवून बघितलं. कोंडीबा म्हणाला, "बुवा, वळखीची हाय का?"

"तोंड पाहिलेलं वाटतं," बुवा म्हणाले.

इलाहीला ते विलायतेचं पुन्हापुन्हा सांगायला लावायचे. ती म्हातारा-म्हातारी नावेनं कुठल्या तीर्थाला जात? कुठल्याच न्हाई. मग कुणाला भेटायला? न्हाई. मग कशाला? इलाही म्हणाला, "जायाचं म्हणून जायाचं. म्हातारा म्हनायचा, घाई असंल त्यानं सडक धरावी." बुवांनी यावर पुष्कळ विचार केला आणि ते त्यांना पटलं. पुढं त्यांनी विचारलं की तिकडं देवाचं कोण सांगतं का? इलाहीनं सांगितलं की रविवारी त्यांच्या देवळात एकजण सांगतो, मध्ये मध्ये सगळे मिळून गातात.

"सांगणारा बसून सांगतो की उभा राहून?"

"हुबा ऱ्हाऊनच."

"मग बरोबर आहे," बुवा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ब्रह्मनाळ मागं पडलं. दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी डिग्रजच्या पुढं, सांगली दोन वळणांवर आली असताना, नाव खरखरली आणि थांबली. कोंडीबानं वल्ह्याची काठी लावून जोर केला, इलाहीनं उतरून खांदा लावला. पाणी त्याच्या पोटरीला येत होतं. लोखंडी पत्रे वाळूत बसले होते. दोघांनी मिळून रेटलं तेव्हा नाव सुटायच्या ऐवजी आणखी खोल गेली.

कोंडीबानं काठी नावेत ठेवली. इलाही कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत म्हणाला, "तिकडं पान्याला दारं असत्यात. दार लावलं की पानी जागच्या जागी. मी ह्ये इसरलोच." विलायतेच्या नदीला जागोजाग दारं लावून पाणी अडवलेलं, म्हणून तिथं ते बारा महिने एका उंचीला राहायचं. नाव बांधताना त्याच्या डोक्यात ती नदी होती. ही नदी पौषाकडे निघालेली होती.

बुवा खाटेवरून उठून बसले आणि धोतर वर घेऊ लागले. म्हणाले, चालत जाऊ. काठ दरडीचा होता, मध्ये दोन घळी. झोळी करून नेलं तरी चढउतारात छातीला हिसके बसणार होते. इलाही म्हणाला, मी पाठीवर घेतो. काकूंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांना उसाच्या पलीकडे धूर दिसत होता. त्यांनी लुगडं वर खोचलं, वहाणा हातात घेतल्या आणि पाण्यात उतरल्या. इलाही मागोमाग आला.

तो धूर रंगुबाईच्या गुऱ्हाळाचा होता. रंगुबाई विधवा, पण चौदा एकर ऊस आणि चार गडी तिच्या आवाजावर चालायचे. चुलाणावर पंधरा हात घेराची लोखंडी काहील, तिच्यात रस उकळत होता. आमच्याकडं नदी उतरायची तर पूर्वीपासून काहिलीतूनच उतरतात. ती पसरट, बोटभर पाण्यावरसुद्धा तरंगते. काकूंनी सरळ काहीलच मागितली.

रंगुबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. सांगितलं की आदण निम्म्यावर आलंय, कच्चा उतरवला तर गूळ धरायचा नाही. काकू म्हणाल्या, कच्चा उतरवा असं कुठं म्हणते, होऊ दे. आणि चुलाणाशेजारी पाचटावर बसल्या. रंगुबाईला वाटलं होतं बाई निघून जाईल. बाई निघेना. तेव्हा तिनं विचारलं की एवढी नड कसली. काकूंनी बुवांचं सांगितलं, हत्तीचं सांगितलं.

"म्हंजी एका हत्तीपायी माजी काहील?"

"हो," काकू म्हणाल्या.

रंगुबाई उकळत्या रसावरची मळी काढत राहिली. मग म्हणाली, "माजी म्हस धरलीती मगरीनं. हितंच, ह्या डोहात."

"सुटली?"

"सुटली. ह्या चौघांनी काठ्या हानल्या तवा. देव काय आला न्हाई कुठला."

"चौघं त्या वेळी नदीवर कशाला गेले होते?"

"ऊस तोडायला चालले हुते. आरडा आयकून वळले."

काकूंनी चुलाणात मूठभर पाचट सारलं.  गुळव्यानं पाक बोटावर घेऊन बघितला, मान हलवली. चौघा गड्यांनी कड्यांत दांडे घालून काहील उचलली आणि गूळ वाफ्यात ओतला. रंगुबाईनं पुढच्या आदणाचा रस मांदणातच, म्हणजे रस साठवायच्या रांजणातच, ठेवायला सांगितला आणि म्हणाली, "चला, ढकला नदीकडं. आनि मी बी येनार. माजी काहील माज्याबरबर परत ईल."

काहील कडेवर उभी करून गडगडत नेली. पाण्यात पडली तेव्हा ती अजून गरम होती, चर्रकन वाफ निघाली. बुवांना वळकटीवर बसवलं. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला रंगुबाई, कोंडीबा काठी घेऊन उभा, आणि इलाही कड धरून पाण्यातूनच चालत, खोल आलं की लोंबकळत. गोल भांडं ते. काठी लावली की पुढंही जायचं आणि स्वतःभोवती फिरायचंही. बुवांचं तोंड कधी डिग्रजकडं, कधी सांगलीकडं. उबदार लोखंडाला गुळाचा वास येत होता. बुवांना बोट घासून चाखताना काकूंनी बघितलं. त्या म्हणाल्या, हे अटीत बसतं.

पुलाच्या कमानी दिसल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळात त्या दिवशी एका तरुण बुवांचं कीर्तन होतं. त्यांचा पूर्वरंग नुकता संपलेला, हार घालून बुक्का लावणं चाललं होतं. तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या कुणीतरी ओरडून सांगितलं की काहिलीतून चिंतामणबुवा येतायत. आम्ही सगळे उठून काठाशी गेलो. पायऱ्या त्यांना चढू दिल्या नाहीत. पुजाऱ्यांची खुर्ची आणली आणि चौघांनी तिच्यात बसवून त्यांना उचलून वर आणलं.

तरुण बुवांना काही सांगावं लागलं नाही. ते गादीवरून बाजूला झाले आणि धुरपद धरायला मागं जाऊन उभे राहिले. पुजारी मात्र घाबरले होते. म्हणाले, बुवा, खुर्चीतच बसून सांगा, कुणी काही म्हणणार नाही.

"नारदांची गादी आहे, गुरुजी," बुवा म्हणाले. "तिच्यावर बसून बोलत नाहीत."

मग सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. गेल्या वर्षी याच जागी त्यांनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काकूंनी पदराच्या गाठीतून तो वाळका दोरा काढला आणि बुवांच्या गळ्यात घातला.

"थोडक्यात सांगा," त्या म्हणाल्या. "पण पुरं सांगा."

बुवा उभे राहिले. त्यांनी नमन केलं नाही, मागची आठवण करून दिली नाही. जिथं वर्षापूर्वी थांबले होते त्याच्या पुढच्याच शब्दापासून बोलायला लागले. आवाज एवढा बारीक की आम्ही श्वास धरून ऐकत होतो. गजेंद्र देवाला म्हणाला, मी मोठा होतो तेव्हा तुला हाक मारली नाही, आता माझं काही उरलं नाही, एक कमळ तेवढं आहे. बुवांनी उजवा हात वर केला, सोंडेसारखा. आता इथं पद म्हणायचं. मृदंगावर थाप पडली. बुवांनी तोंड उघडलं आणि श्वास आलाच नाही. हात वरच राहिला. मृदंग थांबला. काकू अर्ध्या उठल्या.

तुळशीवृंदावनापाशी, जिथं त्याच्या भावानं बत्ती लावून ठेवली होती तिथं, इलाही ओल्या कपड्यांनिशी उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "मंग, बुवा? पाय सुटला का?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडलेला, पण ते हसले. छातीत हळूच थोडा वारा गेला. पद राहिलं बाजूला. अंगणात शेजाऱ्याला सांगावं तसे ते म्हणाले, "सुटला रे बाबा. देवाला हाक ऐकू गेली, तो तसाच उठला. गरुडावर बसायला थांबला नाही, पायांत काही घालायला थांबला नाही. धावत आला. मगरीच्या तोंडातून पाय सुटला."

 मग बायकांमधून रंगुबाईचा आवाज आला. "आनि मगरीचं?"

"तिचाही उद्धार झाला, बाई."

"तिचा कशाला?" रंगुबाई म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. मग सगळंच देऊळ हसलं, आणि त्या हसण्यातच तरुण बुवांनी मागून गजर सुरू केला. एवढ्या मोठ्यानं की चिंतामणबुवांना तोंड उघडायची गरजच पडली नाही. आरती झाली. ती देवाचीही होती आणि गेल्या वर्षीच्या कीर्तनाचीही. बुवांनी गळ्यातला दोरा स्वतःच्या हातानं काढला, दत्तापुढं ठेवला, आणि मगच खुर्चीत बसले. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तसाच तिथं राहू दिला.

प्रसाद वाटून झाल्यावर इलाही त्यांच्या पायाशी येऊन बसला. त्यानं प्रसादाचं केळं खाऊन संपवलं. मग म्हणाला, "हत्तीचं झालं, बुवा. आता माझी नाव तेवढी रुतलीया."

"मग हाक मार की," बुवा म्हणाले.

त्याला मारावी लागली नाही. काठाकाठानं चालत आलेले रंगुबाईचे गडी काहील उलटी करून वाळू झटकत होते, कोंडीबा कुणाला तरी सांगत होता की आधी खालचे पत्रे काढायला लागतील, आणि सकाळी लागतील म्हणून मंडपाचे दोर सोडायला आमच्यातले दहाबारा जण उठलेसुद्धा होते.